टेली-मानस, १४४१६ : लेक गेल्यानंतर केलेल्या फोनबद्दल

मूल गेलेल्या आईबापांपर्यंत ही माहिती पोहोचावी म्हणून लिहितेय. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. नंबर १४४१६. चोवीस तास चालू, पैसे लागत नाहीत. आधी भाषा निवडायची. २० भाषा आहेत, त्यात मराठी आहे. लेकीबद्दल मला दुसऱ्या कुठल्या भाषेत बोलताच आलं नसतं.

माझी मुलगी दहावीत होती. डेंग्यूचा ताप आला आणि आठवड्याभरात ती गेली. तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मग जो तो आपापल्या कामाला लागला. जे भेटायचे ते म्हणायचे, "मन घट्ट कर, पदरात अजून एक आहे ना." तिचं नाव कुणी काढतच नव्हतं, मला वाईट वाटेल म्हणून. मी मात्र कुणीतरी ते घ्यावं म्हणून आसुसलेली.

फोनवरच्या समुपदेशक बाईंनी आधी तेच विचारलं, "नाव काय हो तिचं? कशी होती?" मी बोलत गेले. वरणभातावर लिंबू लागायचंच, भूमितीच्या वहीच्या मागच्या पानांवर मेंदीची नक्षी काढायची, असलं काहीबाही. त्यांनी मध्ये तोडलं नाही, ‘देवाची मर्जी’ म्हणाल्या नाहीत. नंतर झोप, जेवण, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात का, हे सगळं सरळ विचारलं. हा शेवटचा प्रश्न घरातल्या कुणी विचारला नव्हता.

यांचाही विषय निघाला. हे घरात एक अक्षर बोलत नाहीत. पण दर रविवारी तिची सायकल अंगणात काढतात, पुसतात, चेनला तेल देतात, हवा भरतात आणि परत जिन्याखाली लावतात. बाई म्हणाल्या, प्रत्येकाची दुःख करायची तऱ्हा वेगळी. ते तेल देत असतील तेव्हा शेजारी नुसत्या जाऊन बसा. बसायला लागले.

धाकट्याचंही त्यांनीच विचारलं. आई रडते म्हणून पोरगं ‘ताई’ हा शब्दच घरात काढत नव्हतं. पहिल्या दिवाळीला आमच्याकडे तळण नव्हतं, शेजारणीने फराळ आणून दिला. चकली उचलून तो म्हणाला, "ताईने सगळ्या संपवल्या असत्या." त्या दिवशी आम्ही तिघं तिच्याबद्दल बोलत बसलो, हेसुद्धा.

फोनने दुःख कमी होतं असं मी म्हणणार नाही. समोर बसून होणाऱ्या उपचारांची जागाही तो घेत नाही. महिनोन्‌महिने झोप नाही, कशाला हात लावावासा वाटत नाही, असं असेल तर डॉक्टर लागतोच. गरज दिसली तर इथून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. मीही गेले, काही महिने गोळ्या घेतल्या. लोक काय म्हणतील म्हणून हे टाळू नका.

फोन लावताना मोकळा वेळ आणि एकांत बघा. मी गच्चीवर जायचे. १४४१६ लागला नाही तर १८००-८९-१४४१६ हा त्यांचाच दुसरा नंबर. जीव द्यावासा वाटत असेल तर मात्र वेळकाळ बघू नका, रात्री ३ वाजतासुद्धा लावा, आणि ते पहिल्याच वाक्यात सांगा.