‘गर्ल शाय’ की ‘इट’: सोलापुरात पहिला मूकपट कोणता दाखवावा?

एखाद्या छोट्या सभागृहात पन्नासेक माणसे जमवून मूकपटांच्या काळातली प्रेमकथा, तीही हसवणारी, दाखवायची असेल, तर निवडीला फारसा वाव नाही. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यांतले अर्धवट धरूनही तीसएक उरले नाहीत. अमेरिकेत १९१२ ते १९२९ या काळातल्या जवळपास ११,००० पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी मूळ स्वरूपात टिकले ते केवळ १४ टक्के, कारण नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेई आणि बोलपट आल्यावर जुनी रिळे सांभाळण्यात कोणाला फायदा दिसेना. उरलेल्यांत माझ्या मते दोनच नावे पहिल्या खेळासाठी विचारात घ्यावीत.

अमेरिकी विनोदी नट हॅरॉल्ड लॉइडच्या ‘गर्ल शाय’मधला (१९२४) नायक काकांच्या दुकानात शिंपीकाम शिकतो, मुलींसमोर अडखळत बोलतो आणि तरीही त्यांना वश कसे करावे यावर पुस्तक लिहितो. गणवेश शिवणाऱ्या आपल्या गावाला हे दुकान परके वाटणार नाही. शेवटी प्रेयसीचे भलत्याशीच लागणारे लग्न मोडायला तो मोटार, ट्राम, घोडा, जे हाती लागेल ते घेऊन धावतो, आणि त्या धावपळीत पडद्यावर वाचण्यासारखे जवळजवळ काहीच नसते.

‘इट’मध्ये (१९२७) अमेरिकी नटी क्लारा बो ही दुकानातली विक्रेती आहे. मालकाच्या नजरेत भरायचे म्हणून ती कामावरचाच पोशाख कात्रीने कापून मेजवानीचा करते. त्या एका प्रसंगासाठीही चित्रपट पाहावा, इतका तो गोड आहे. हा चित्रपट हरवला असेच धरले जात होते, पण १९६०च्या दशकात प्रागमध्ये त्याची प्रत सापडली. मात्र त्याची गंमत बोच्या डोळ्यांत आणि गैरसमजाच्या गुंत्यात आहे. पडद्यावर संवाद सांगणाऱ्या पाट्या वाचायच्या राहिल्या की गुंता कळत नाही.

म्हणून घरी एकट्याने पाहायचा असेल तर ‘इट’, सभागृहासाठी मात्र निःसंशय ‘गर्ल शाय’. प्रत निवडताना गती तपासावी, कारण स्वस्तातल्या प्रतींत माणसे उगाच तुरुतुरु पळतात. पाट्या मराठीत वाचून दाखवायला एक माणूस बसवावा, आणि खेळ सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात असेल तर तेलुगू वाचणाराही.