पहिली गिटार कोणती? आधी कोणता त्रास चालेल ते ठरवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की ओळखीतून फोन येऊ लागतात. "गिटार घ्यायची आहे, कोणती घेऊ?" मी आधी तीन गोष्टी विचारतो. गाणार आहेस का? घरात रियाजाला कोणती वेळ मिळणार? आणि राहतोस कुठे, कोकणात की देशावर? कंपनी आणि रंग यांचा विचार त्यानंतर. प्रत्येक प्रकारची गिटार नवशिक्याला त्रास देतेच, पण प्रत्येकीचा त्रास वेगळा असतो, आणि आपल्याला न झेपणारा वाट्याला आला की माणूस वाद्य सोडतो.

माझी पहिली गिटार 2,800 रुपयांची होती. 38 इंची, चकचकीत निळी, एका बाजूने कापलेली. सात महिन्यांत ती माळ्यावर गेली. दोन वर्षांनी पुण्यात एका दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे नेली, तर त्याने बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) मोजपट्टी धरली आणि काही न बोलता मलाच वाचायला लावली. जाड तार फ्रेटच्या साडेचार मिलिमीटर वर होती. असायला हवी साधारण अडीच. त्याने सॅडल (तारा खालच्या टोकाला टेकतात तो तुकडा) काढून सँडपेपरवर घासला, नटच्या (वरच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या) खाचा कानशीने थोड्या खोल केल्या आणि तारा पुन्हा चढवल्या. त्याच संध्याकाळी सी कॉर्डच्या (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर) पाचही तारा पहिल्यांदा स्वच्छ वाजल्या. सात महिने मी माझीच बोटं आखूड आहेत, हात जड आहे असं समजत होतो. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि म्हणून हे सविस्तर लिहितोय.

निवड करताना समोर चार वाद्यं असतात: पोलादी तारांची अकूस्टिक, नायलॉनच्या तारांची क्लासिकल, इलेक्ट्रिक आणि गिटारीसारखंच पण छोटं युकुलेले.

बोटं दुखणं

पहिल्या पंधरा दिवसांत बहुतेकांचा धीर इथेच सुटतो. अकूस्टिकवर लाइट सेट (पातळ तारांचा संच) असेल तर सगळ्यात पातळ तार 0.3 मिलिमीटर जाडीची असते आणि सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या वर जातो. बोटाच्या मऊ टोकाशी ती तार सुरीसारखी वागते. क्लासिकलची तीच तार सुमारे 0.7 मिलिमीटर जाड आणि नायलॉनची, एकूण ताण 40 किलोच्या आसपास. बोट दबतं, पण कापल्यासारखं होत नाही. इलेक्ट्रिकच्या तारा पोलादी असल्या तरी आणखी पातळ आणि सैल असतात, शिवाय फ्रेटच्या अगदी जवळ, त्यामुळे दाबायला सगळ्यात हलकी तीच. युकुलेलेला तर दुखणं जवळपास नाहीच.

पण दुखतं म्हणून अकूस्टिक बाद करू नका. रोज वीस मिनिटं वाजवलं तर तीन-चार आठवड्यांत बोटांना घट्टे पडतात आणि हा विषय संपतो. रविवारी सलग तीन तास बसून बाकी आठवडा हात न लावणाऱ्याचे घट्टे मात्र कधीच टिकत नाहीत. घरात अकूस्टिकच असेल तर 0.010 इंचापासून सुरू होणारा एक्स्ट्रा लाइट सेट चढवून घ्या. आवाज थोडा बारीक होतो, पण सुरुवातीला चालतं.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. क्लासिकल गिटारीवर पोलादी तारा चढवू नका. ही गिटार मुळात आतड्याच्या तारांसाठी घडत आली. दुसऱ्या महायुद्धात तशा तारा दुर्मीळ झाल्या आणि मग 1940च्या दशकात नायलॉन आलं. तिचा पातळ माथा (पुढची फळी) आणि त्यावर नुसत्या सरसाने चिकटलेला ब्रिज (तारा अडकवायचा लाकडी तुकडा) पोलादाचा ताण सोसण्यासाठी बनलेलाच नाही. ब्रिज उखडून हातात आलेला मी पाहिला आहे.

शेजारची तार बंद पडणं आणि एफ

दुसरी तक्रार अशी: कॉर्ड बरोबर पकडली आहे, बोट योग्य जागी आहे, तरी एक तार 'ठक्' वाजते. कारण बोटाचं मांस शेजारच्या तारेला टेकलेलं असतं. इथे नटची रुंदी कामाला येते. अकूस्टिकची 43 मिलिमीटरच्या आसपास, इलेक्ट्रिकची तेवढीच किंवा किंचित कमी, क्लासिकलची 52. वरवर नऊ मिलिमीटरचा फरक, पण ए कॉर्डसाठी दुसऱ्या फ्रेटमध्ये तीन बोटं शेजारी शेजारी कोंबून पाहा, म्हणजे तो किती मोठा आहे ते कळेल. जाड बोटांच्या माणसाला क्लासिकल खरोखर आराम देते.

हाच रुंदपणा पुढे नडतो. एफ कॉर्डला पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा दाबाव्या लागतात, तिला आपण बार कॉर्ड म्हणतो. क्लासिकलचा फिंगरबोर्ड (बोटं दाबायची फळी) रुंद आणि सपाट, त्यामुळे बोटाच्या पेराशी असलेल्या खळग्यातून मधल्या तारा निसटतात. अकूस्टिकचा फिंगरबोर्ड किंचित गोलाकार असतो, बार बसवायला सोपा, पण ताण जास्त. इलेक्ट्रिकवर एफ आठवड्याभरात येतो. एफसाठी कोणती सोपी, एवढाच प्रश्न असेल तर उत्तर निर्विवाद इलेक्ट्रिक.

दोष बोटाचा की गिटारीचा, हे ओळखायची एक साधी खूण आहे. हाच आकार पाचव्या फ्रेटवर पकडून बघा. तिथे सहज वाजतोय आणि पहिल्या फ्रेटवर जमीन-अस्मानाचा फरक पडतोय, तर बहुधा नटच्या खाचा उथळ आहेत. कारागिराकडे न्या. हे काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. तोपर्यंत खालच्या चारच तारांचा छोटा एफ वाजवा. त्यात कमीपणा काहीच नाही, अनुभवी वादकही तो सर्रास वापरतात.

काळी एक

आपल्याकडे हा त्रास हमखास होतो, आणि क्लासच्या पहिल्या महिन्यात कोणी त्याची कल्पना देत नाही. मुलगा सी, जी, ए मायनर शिकतो. गणपतीत आरतीला किंवा घरच्या मैफलीत गिटार काढतो. काका म्हणतात, "काळी एक दे." काळी एक म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर, सी शार्प. उघड्या तारांवर त्या पट्टीतली एकही सोयीची कॉर्ड नाही, सगळ्या बार. मावशी काळी चार किंवा पाचमध्ये गातात, तिथेही जवळपास तेच. मुलगा गिटार खाली ठेवतो आणि पुन्हा लोकांसमोर काढत नाही.

यावर उपाय कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा आणि सीचे आकार वाजवा, काळी एक हजर. तिथेच जीचे आकार वाजवले तर काळी चार मिळते. त्यामुळे ज्याला गायचं आहे किंवा गाणाऱ्याला साथ करायची आहे, त्याला मी डोळे झाकून अकूस्टिक सांगतो. क्लासिकललाही कॅपो लावता येतो, पण रुंद आणि सपाट पट्टीचा वेगळा घ्यावा लागतो. नेहमीचा गोलसर कॅपो तिथे मधल्या तारा नीट दाबत नाही. शिवाय पंधरा माणसांच्या गाण्यात नायलॉनचा आवाज बुडून जातो. इलेक्ट्रिकला अँप (आवाज मोठा करणारं यंत्र) हवा, म्हणजे प्लग पॉइंट शोधणं आलं.

त्याला जोडूनच ठेक्याचं. बहुतेक ठिकाणी आधी 'खाली-खाली-वर, वर-खाली-वर' हे स्ट्रमिंग (तारांवरून हात फिरवण्याची पद्धत) शिकवतात. आठ मात्रांच्या केहरव्यातल्या गाण्याला ते छान बसतं. पण आपली कितीतरी भावगीतं दादऱ्यात आहेत, सहा मात्रांची. त्यावर हे स्ट्रमिंग लादलं की गाणं लंगडतं आणि शिकणाऱ्याला वाटतं, मला तालच नाही. तबल्याची साथ लावून 'धा धी ना, धा ती ना' तोंडाने म्हणा आणि दोन्ही 'धा'वर हात खाली येऊ द्या. एका बैठकीत फरक पडतो. यात कोणती गिटार आहे याचा काही संबंध नाही.

घर, शेजार, पावसाळा

रात्री दहानंतरच वेळ मिळणाऱ्यांसाठी इलेक्ट्रिकला तोड नाही. छोटा हेडफोन अँप लावला की बाहेर फक्त तारांची किरकिर ऐकू येते. खर्च मात्र गिटारीवर थांबत नाही. केबल, अँप धरून 15-20 हजारांची तयारी ठेवा. दुसरा धोका मन भरकटण्याचा. तासातली चाळीस मिनिटं आवाजाची बटणं फिरवण्यात जातात, हा अनुभव जवळपास प्रत्येकाचा.

रत्नागिरी-चिपळूणकडे किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर लाकूड ओल पितं. अकूस्टिकचा माथा फुगतो, तारा वर जातात आणि मेमध्ये सोपी वाटणारी गिटार जुलैत हात दुखवते. मुलांना वाटतं आपण मागे गेलो. पोलादी तारांना गंजही लवकर लागतो. नायलॉनला गंज नाही, पण नव्या नायलॉनच्या तारा आठवडाभर तरी ताणत राहतात, दर पाच मिनिटांनी सूर उतरतो. सोलापूर-नागपूरच्या उन्हाळ्यात उलटं होतं. लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाजूने बोचायला लागतात. इलेक्ट्रिकचं भरीव लाकूड या सगळ्यात बरंच स्थिर राहतं. बाकीच्यांसाठी गिटार भिंतीवर न टांगता केसमध्ये ठेवणं आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसणं, एवढं तरी करा.

मग कोणती?

साथ, भजन, सहली, मित्रांसोबत गाणं: अकूस्टिक. हात लहान असेल तर 634 मिलिमीटर स्केलची (नट ते सॅडल तारेच्या लांबीची) यामाहा एफ 310 सारखी बघा, नेहमीच्या 645-650 पेक्षा फ्रेटमधलं अंतर थोडं कमी पडतं.

स्टाफ नोटेशन (पाच रेषांवरचं पाश्चात्त्य स्वरलेखन) शिकायचं आहे, ग्रेडच्या परीक्षा द्यायच्या आहेत, एकट्याने बसून वाजवण्यात आनंद आहे, किंवा बोटं फार हळवी आहेत: क्लासिकल. यामाहा सी 40 हे नेहमी दिसणारं मॉडेल, 650 मिलिमीटर स्केल आणि 52 मिलिमीटर नट. गाण्याच्या साथीसाठी म्हणून केवळ 'मऊ आहे' या कारणाने ही घेऊ नका.

रॉक, मेटल, ब्लूज ऐकत असाल तर थेट इलेक्ट्रिक घ्या. "आधी अकूस्टिकवर हात बसव, मग इलेक्ट्रिक" हा सल्ला मला पटत नाही. जे संगीत मनात आहे ते हातातून निघत नसेल, तर हात बसेपर्यंत कोण थांबतं?

सात-आठ वर्षांच्या मुलांना युकुलेले. चार तारा, हलकं वाद्य, आणि शिकलेलं वाया जात नाही. गिटारीच्या डी कॉर्डचा आकार युकुलेलेवर जी होऊन वाजतो, पुढे तेच आकार गिटारीवर कामी येतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला मात्र ते सुचवू नका, त्याला गिटारच हवी असते. तीन-चतुर्थांश आकाराची मिळते.

कोणतीही घ्या, बजेटमधले हजार-दीड हजार सेटअपसाठी, म्हणजे तारांची उंची नीट करून घेण्यासाठी, बाजूला ठेवा. दहा हजारांची सेटअप न केलेली गिटार घेण्यापेक्षा आठ हजारांची सेटअप केलेली घ्या.

दुकानात जाताना खिशात तीन सपाट, अक्षरं वर न आलेली एटीएम कार्डं न्या. एका कार्डाची जाडी 0.76 मिलिमीटर. अकूस्टिकच्या बाराव्या फ्रेटवर, सहाव्या तारेखाली तिन्ही एकत्र सरकवा. ती तारेला जेमतेम टेकली तर उंची बरी आहे. वर आणखी दोन कार्डं मावतील एवढी फट दिसली, तर सेटअप करून द्यायला सांगा. नाही म्हणाले तर दुसरं दुकान बघा. क्लासिकलला हीच परीक्षा लावू नका, तिची तार मुळातच चार मिलिमीटरच्या आसपास असते. मग दुकानदाराला एफ वाजवून दाखवायला सांगा, आणि त्याच्या बोटांकडे न बघता त्याला किती जोर लावावा लागतोय ते चेहऱ्यावर बघा.