कोरियात फळं घेताना: कोणत्या ऋतूत काय निवडावं?

शिक्षण किंवा नोकरीसाठी सोल, सुवॉन, देजॉनला आलेल्या मराठी माणसाला फळांचे भाव आधी घाबरवतात. मग बरेच जण वर्षभर बाहेरून आलेल्या केळ्यांवरच भागवतात. मला हे पटत नाही. इथलं फळ हंगामातच घ्यावं, एका वेळी एकच घ्यावं, पण चांगलं घ्यावं. प्रत्येक ऋतूत खरी निवड दोन फळांतच असते.

हिवाळ्यात प्रश्न असतो जेजूची संत्री की स्ट्रॉबेरी. रोजच्या खाण्याला संत्रीच. जेजू बेटावरची उघड्या शेतातली संत्री नोव्हेंबर ते जानेवारी भरपूर येतात. ती नागपुरी संत्र्यापेक्षा लहान, पातळ सालीची आणि जवळजवळ बिनबियांची. पेटीवर आकार लिहिलेला असतो. ‘एस’ किंवा ‘एम’ घ्या. ‘टूएल’ दिसायला भरदार, पण चवीला बरेचदा पांचट. एकटे राहत असाल तर १० किलोच्या पेटीचा मोह टाळून ५ किलोची घ्या आणि घरी आल्या आल्या फळं पसरून ठेवा, कारण एकाला बुरशी लागली की शेजारची भराभर नासतात. पुढे डोक्यावर उंचवटा असलेली ‘हल्लाबोंग’ जातीची संत्री येतात. महाग असतात, पण एकदा तरी खावीतच.

स्ट्रॉबेरी इथे ग्रीनहाउसमुळे आता हिवाळ्याचं फळ झाली आहे. बाजारात बहुतेक ‘सॉल्ह्यांग’ दिसते. हे वाण २००५ मध्ये नोनसानच्या संशोधन केंद्रात तयार झालं. त्याआधी कोरियन शेतकरी मुख्यतः जपानी वाणं लावत. डिसेंबरात तिचा भाव चढा असतो, म्हणून फेब्रुवारीपर्यंत थांबा. तोवर भाव उतरतो आणि थंडीत सावकाश पिकल्यामुळे गोडीही असते. ऊन वाढलं की ती मऊ पडते. तेव्हा स्वस्त मिळाली तर जॅम करा.

वसंत सरता सरता सॉन्गजूची पिवळी, पांढऱ्या रेघांची चामवे, म्हणजे छोटी कोरियन खरबुजं, येतात. कलिंगड जगात कुठेही मिळेल, आणि एकट्याच्या छोट्या फ्रीजमध्ये ते मावतही नाही. म्हणून माझं मत चामवेला. साल काढा, पण मधला बियांचा गर फेकू नका. सगळ्यात गोड भाग तोच.

पीचच्या बाबतीत कोरियन घराघरांत दोन पक्ष आहेत, कडक आणि मऊ. डब्यात न्यायचं, दोन-चार दिवस पुरवायचं असेल तर कडक. पण खरा सुगंध हवा असेल तर मऊच घ्या, तेही थोडेच. बाहेर ठेवून पिकू द्या आणि खाण्याआधी तासभर गार करा. फ्रीजमध्ये दिवसच्या दिवस ठेवलेल्या पीचची चव मरते. जूनअखेर ते जुलैच्या ‘जांग्मा’ पावसात फळ पाणचट होतं, म्हणून पाऊस उघडल्यावर चार दिवस ऊन पडू द्या, मग घ्या.

शरदात सफरचंद की नाशपती? चुसॉक सणाआधी दोन्ही भेटीच्या पेट्यांत जातात आणि महागतात. सण होऊ द्या. नाजूची नाशपती रसाळ खरी, पण एकेक फळ केवढं तरी असतं, एकट्याला एका बैठकीत संपत नाही. टिकाऊपणात सफरचंदच पुढे. ऑक्टोबरअखेर काढलेली फुजी नीट साठवली तर वसंतापर्यंत चालते. मात्र ताजं सफरचंद बाहेरून येत नाही, त्यामुळे पीक बिघडलं की भाव थेट भडकतो. २०२३ मध्ये मोहोराच्या वेळी हिमाचा तडाखा बसला, नंतर पाऊस आणि रोग आले, आणि मार्च २०२४ मध्ये भाव आदल्या वर्षीपेक्षा सुमारे ८८ टक्के चढले. असं वर्ष आलं तर हट्ट सोडा आणि संत्र्यांकडे वळा.

पर्सिमन, म्हणजे टोमॅटोसारखं दिसणारं नारिंगी फळ, मात्र दोन्ही प्रकारचे घ्या. कडक, गोड ‘दानगाम’ सफरचंदासारखा कापून डब्यात नेता येतो. लिबलिबीत पिकलेला ‘होंगशी’ घरीच, वाटीत घेऊन चमच्याने खायचा. जास्त झाले तर फ्रीजरमध्ये टाका; अर्धवट वितळले की आइस्क्रीमची गरज उरत नाही.