अडचणीच्या जागेतले न्यूमॅटिक ॲक्च्युएटर: एक उन्हाळा आणि पावसाळा वापरल्यानंतर

हा अनुभव स्प्रिंग-रिटर्न, रॅक-पिनियन ॲक्च्युएटरचा आहे, म्हणजे हवेच्या दाबावर दात्यांच्या पट्टीने व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या आणि हवा गेली की स्प्रिंगने परत आणणाऱ्या यंत्राचा. जागा कोकणपट्टीतल्या एका केमिकल प्लांटचा युटिलिटी ब्लॉक. दोन ते चार इंची बॉल व्हॉल्व्ह, काही सहा इंची वेफर बटरफ्लाय, डोक्यावर केबल ट्रे, बाजूला लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) केलेली स्टीम लाइन, आणि हेडरवरच्या शेजारी व्हॉल्व्हांमध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट. मेक कोणता ते मुद्दाम लिहीत नाही. या प्रकारचे बहुतेक ॲक्च्युएटर आयएसओ ५२११ (व्हॉल्व्ह-ॲक्च्युएटर जोडणीचं मानक) च्याच मापांवर बनतात, त्यामुळे खालचं बरंचसं कुठल्याही मेकला लागू पडेल.

सगळे ॲक्च्युएटरची लांबी मोजतात. खरी अडचण पान्याला जागा नसण्याची असते. एफ०५ पॅडला (व्हॉल्व्हवरची बसवायची चकती) ५० मिमी पीसीडीवर (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास) एम६, एफ०७ ला ७० मिमीवर एम८ आणि एफ१० ला १०२ मिमीवर एम१० बोल्ट लागतात, आणि ते पॅडच्या खालून वर ॲक्च्युएटरच्या बॉडीत जातात. बुटक्या मानेच्या बटरफ्लायवर बोल्टची लांबी खालून आत घालायलाच जागा मिळत नाही. अशा ठिकाणी आधी टेबलावर ॲक्च्युएटरमध्ये स्टड बसवून घ्यावेत (मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर लावून) आणि जागेवर खालून फक्त नट व स्प्रिंग वॉशर लावावेत. ओपन पान्याला एका वेळी साठ अंश फिरायची मोकळीक मिळाली तरी नट आवळला जातो.

बॉडी पाइपच्या दिशेने ठेवायची की आडवी, हे ऑर्डर देण्याआधी ठरवा. पॅडची भोकं चौकोनात असल्याने ॲक्च्युएटर ९० अंश फिरवून बसतो, फिरण्याची दिशा तीच राहते, फक्त वरचा इंडिकेटर बदलून लावावा लागतो. समांतर लाइन जवळजवळ असतील तर पाइपच्या दिशेने ठेवणं बरं, पण मग फ्लँजच्या बोल्टवर एंड कॅप (ॲक्च्युएटरच्या टोकाचं झाकण) येणार नाही ना ते बघावं.

सायझिंगमध्ये सगळ्यात जास्त फसगत होते. समजा व्हॉल्व्हचा टॉर्क ६० न्यूटन-मीटर आहे. ३० टक्के वाढवून ७८ धरला, तर कॅटलॉगमध्ये स्प्रिंगचा शेवटचा टॉर्क ७८ च्या वर हवा, कारण फेल-क्लोज (हवा गेली की बंद होणाऱ्या) व्हॉल्व्हमध्ये बॉल सीटवर येतो नेमकं तेव्हा स्प्रिंग सैल पडलेली असते. हवेचा शेवटचा टॉर्कही तपासावा. कंप्रेसरवर सात बार असले तरी हेडरच्या टोकाला गर्दीच्या वेळी पाच मिळतात, आणि मग व्हॉल्व्ह ८०-८५ अंशांवर रेंगाळतो. फिटर ट्रॅव्हल स्टॉपशी (फिरण्याची मर्यादा ठरवणारा स्क्रू) खेळत बसतो, दोष मात्र हवेचा असतो. सायझिंग टोकाच्या दाबावर करा. स्प्रिंगची संख्या कमी केली तर हवेची बाजू सुधारते, पण मग बंद होण्याचा हिशोब पुन्हा मांडायला हवा.

जागा फारच कमी असेल तर डबल-ॲक्टिंग (दोन्ही दिशांना हवेवरच चालणारा, स्प्रिंग नसलेला) घ्यावा. त्याच टॉर्कसाठी तो एक-दोन साइज लहान मिळतो. हवा गेली की व्हॉल्व्ह बंद व्हायलाच हवा असेल, तर चेक व्हॉल्व्हसह छोटी एअर टाकी आणि हवा गेल्यावर आपोआप बंदच्या बाजूला जाणारा पायलट व्हॉल्व्ह लागतो. ते दूर भिंतीवर बसवता येतं.

बसवताना लाइन आयसोलेट करून दाब उतरवावा, टॅग लावावा, व्हॉल्व्ह बंद स्थितीत आणावा. लिव्हर काढल्यावर स्पिंडलवरची खाच बघून बॉल खरंच बंद आहे याची खात्री करावी. स्पिंडलचं डोकं आणि ॲक्च्युएटरचं भोक यांत वर एक-दोन मिमी मोकळं राहिलं पाहिजे. डोकं टेकलं तर बोल्ट आवळताना स्पिंडल खाली दाबला जातो आणि काही आठवड्यांत ग्लँड (स्पिंडलभोवतीचं सील) गळू लागतो. बोल्ट हाताने लावून कमी दाबावर दोन-तीन स्ट्रोक द्यावेत, म्हणजे स्पिंडल आपोआप मध्यात येतो, आणि मग समोरासमोरचे आवळावेत. ट्रॅव्हल स्टॉपचा स्क्रू फिरवताना त्यावर हवेचा किंवा स्प्रिंगचा जोर नसावा.

स्टीम लाइनवर थेट माउंटिंग टाळाच. साध्या नायट्राइल सीलची मर्यादा ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिथे लॅगिंगच्या वर येईल एवढा उंच ब्रॅकेट आणि कपलिंग हवं. उंची वाढते खरी, पण ग्लँडचा नट पान्याला सापडतो, जो थेट माउंटिंगमध्ये बहुधा झाकला जातो. कपलिंग तिरकं बसलं तर फायदा सगळा पाण्यात.

केबल ट्रेखाली नेहमीचा लिमिट स्विच बॉक्स (व्हॉल्व्ह उघडा की बंद हे कळवणारा) बसला तरी त्याचं झाकण उघडत नाही. तिथे ॲक्च्युएटरच्या डोक्यावर बसणारा इंडक्टिव्ह डबल सेन्सर घ्यावा, तो बराच बुटका असतो. ॲक्च्युएटर काढायला तो स्पिंडलवरून वीस-पंचवीस मिमी उचलावा लागतो, हेही त्याच मापात धरा.

पावसाळ्याने एक गोष्ट ठळक दाखवली. साध्या ३/२ सोलेनॉइडवर (ॲक्च्युएटरला हवा देणारा-सोडणारा, तीन तोंडांचा विजेवरचा व्हॉल्व्ह) स्प्रिंगची बाजू बाहेरची हवा ओढते. जून ते सप्टेंबर ती हवा म्हणजे निम्मं पाणी, शिवाय ॲसिडच्या वाफा. उघडून पाहिलेल्या नगांत स्प्रिंगांवर गंज होता. ज्यांवर सुटणारी हवा स्प्रिंगच्या खोलीत वळवणारी नामूर प्लेट होती (बाजूला ३२ × २४ मिमी भोकांवर बसते) ते आतून स्वच्छ निघाले. एवढ्या किरकोळ खर्चासाठी खरेदी विभागाशी भांडावं लागतं, पण भांडावं. सायलेन्सर आणि केबल ग्लँडचं तोंड खाली, आणि केबलला ग्लँडआधी एक झोळ.

बंद होण्याचा वेगही बघा. पाण्याच्या लाइनवर चार इंची व्हॉल्व्ह अर्ध्या सेकंदात मिटला की हेडर हादरतो. एक्झॉस्टला थ्रॉटल लावून तीन-चार सेकंद ठेवले.

आत्तापर्यंत बदलले ते फक्त ओ-रिंग. ओळखायची खूण सोपी आहे: नामूर प्लेट असलेल्या नगात व्हॉल्व्ह उघडा धरलेला असताना सोलेनॉइडच्या एक्झॉस्टमधून हवा सतत येत असेल, तर आधी सोलेनॉइड बदलून बघा, तरी थांबली नाही तर पिस्टनची ओ-रिंग गेली. एंड कॅप मात्र जागेवर उघडू नका. बोल्ट आळीपाळीने दोन-दोन आटे सोडावे लागतात, आणि अशा फटीत दोन्ही टोकांच्या बोल्टला पाना पोचत नाही. नग खाली उतरवून टेबलावरच घ्या, आणि शिफ्टला पुरेल असा एक जोडलेला नग स्टोअरमध्ये ठेवा.