मोनोक्रोटोफॉस की सायपरमेथ्रिन: पाखरांना कोणतं घातक, माशांना कोणतं?

कीटकनाशकाच्या डब्यावरचा विषारीपणा दाखवणारा रंगीत त्रिकोण उंदरांवरच्या चाचणीतून ठरतो. मोनोक्रोटोफॉसचा लाल, सायपरमेथ्रिनचा पिवळा. म्हणून कपाशीवाले दुसरं सौम्य समजतात.

पाखरांपुरतं ते खरंच. मोनोक्रोटोफॉस वजनाच्या किलोमागे काही मिलिग्रॅम पोटात गेलं तरी पक्षी मरतो. 1995-96 ला अर्जेंटिनात हजारो शिकारी पक्षी असेच मेले, फवारलेले नाकतोडे खाऊन.

नाल्यात मात्र उलटं. 96 तासांत निम्मे मासे मरायला मोनोक्रोटोफॉस लिटरमागे काही मिलिग्रॅम लागतं, सायपरमेथ्रिन काही मायक्रोग्रॅमच; साधारण हजारपट कमी! शिवाय सायपरमेथ्रिन मातीला चिकटतं. जोराच्या सरीनंतर पिकाच्या ओळींमधून वाहणाऱ्या काळ्या गढूळ पाण्यासोबत थेट शेततळ्यात उतरतं. मधमाश्यांना दोन्ही घातक. फवारणीचा पंप नाल्यावर धुऊ नका, धुवणाचं पाणी शेतातच, नाल्यापासून लांब जिरवा.