चारशे रुपयांचा आर्द्रतामापक गुलाबाची कळी वाचवतो का?

‘एचटीसी-१’ या नावानं ऑनलाइन मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक बहुतेक पॉलिहाउसवाल्यांच्या, म्हणजे प्लास्टिकच्या हरितगृहात पीक घेणाऱ्यांच्या, ओळखीचा आहे. पांढरा, तळहाताएवढा, एका बारीक पेन्सिल सेलवर चालणारा. तापमान, आर्द्रता आणि घड्याळ एकाच पडद्यावर. किंमत साधारण चारशेच्या आसपास. वेगवेगळ्या शिक्क्यांखाली हेच यंत्र विकलं जातं, त्यामुळे कुणाचं घ्यावं यावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही. प्रश्न एवढाच आहे की डच गुलाबाच्या कळीवर येणारी करडी बुरशी, म्हणजे बोट्रायटिस, रोखायला हे पुरतं का. घरात लावायला ते उत्तम आहे. गुलाबाच्या बेडवर त्याला बरंच शिकवावं लागतं.

तापमानात एक अंश आणि आर्द्रतेत पाच टक्के इकडेतिकडे होईल, असं बनवणाराच सांगतो. पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. बोट्रायटिसच्या बाबतीत सगळा खेळ त्याच पाच टक्क्यांत आहे. या बुरशीचा बीजाणू पाकळीवर कोरडा पडून राहिला तर फारसं बिघडत नाही. पंधरा ते वीस-बावीस अंशांच्या थंडाव्यात पाकळीवर पाण्याचा पातळ थर सलग सहा-आठ तास टिकला, की तो रुजतो आणि आत शिरतो. म्हणजे शोधायचं असतं ते रात्री कळी ओली झाली का, आणि किती वेळ ओली राहिली. हवेतली आर्द्रता हा त्याचा फक्त अंदाज.

अंदाज बांधायचा हिशेब सोपा आहे. शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचानं भागा, आलेला आकडा हवेच्या तापमानातून वजा करा. जवळजवळ दवबिंदू मिळतो, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो आकडा. पहाटे 18 अंश आणि 95 टक्के असतील तर दवबिंदू 17. त्याच तापमानाला 85 टक्के असतील तर 15. निरभ्र रात्री साध्या पॉलिथिनमधूनही उष्णता आकाशाकडे निघून जाते आणि वरच्या कळ्या हवेपेक्षा अंश-दीड अंशानं जास्त गार होतात. कळी साडेसोळा अंशांवर आली, तर पहिल्या रात्री ती ओलीचिंब आणि दुसऱ्या रात्री ठणठणीत कोरडी. चारशे रुपयांचं यंत्र या दोन्ही रात्री 90 दाखवू शकतं. दोन्ही वेळा ते आपल्या छापील हमीच्या आतच असतं!

म्हणून विकत आणल्यावर पहिलं काम बेडवर टांगण्याचं नाही. आधी डब्यात परीक्षा. घट्ट झाकणाचा लिटर-दोन लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. बाटलीच्या झाकणात स्वयंपाकाचं मीठ भरा आणि थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ पूर्ण विरघळलं तर पाणी जास्त झालं, पुन्हा करा. झाकण डब्यात ठेवा, शेजारी यंत्र उभं करा, मीठ त्याला लागू देऊ नका. डबा बंद करून ऊन न येणाऱ्या खोलीत आठ ते बारा तास ठेवा. अशा बंद डब्यातली हवा 75 टक्क्यांवर स्थिर होते. यंत्र 71 दाखवत असेल तर चार कमी, हे टेपवर लिहून मागे चिकटवा.

बहुतेक जण इथे थांबतात. पण आपल्याला रस आहे तो 90 च्या वरच्या पट्ट्यात, आणि 75 ला चार कमी दाखवणारं यंत्र 95 ला चारच कमी दाखवेल असं मुळीच नाही. वरच्या पट्ट्याच्या परीक्षेचं सामान गुलाबवाल्याच्या खताच्या खोलीतच पडलेलं असतं. 13:00:45 म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याची ओली लगदी 25 अंशांना डब्यातली हवा सुमारे 94 टक्क्यांवर धरते, 30 अंशांना सुमारे 92 वर. 00:00:50 म्हणजे पोटॅशियम सल्फेट. त्याची लगदी 97 च्या आसपास धरते. कृती मिठाचीच, फक्त 13:00:45 पाण्यात घातल्यावर लगदी चांगलीच गार पडते, तेव्हा ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण लावू नका आणि रात्रभर ठेवा. खत हे प्रयोगशाळेतलं शुद्ध रसायन नसतं, म्हणून एखाद-दोन अंकांचा फरक सोडून द्या. पाहायचं ते हे की दोन डब्यांत यंत्र दोन वेगळे आकडे दाखवतं का. दोन्हीकडे 99, किंवा दोन्हीकडे 88 आलं, तर ते वरच्या पट्ट्यात आंधळं आहे. परत करण्याची मुदत संपण्याआधी परत पाठवा. एकाच खोक्यातली दोन यंत्रं सारखी निघतील ही अपेक्षाही ठेवू नका, प्रत्येकाची परीक्षा वेगळी घ्या.

परीक्षेत उतरलेलं यंत्र कुठे टांगलं जातं, हीही एक गंमतच आहे. दारातल्या खांबाला, कारण तिथे वाचायला सोपं. दारातली हवा म्हणजे बाहेरची हवा. यंत्र बेडच्या मधोमध, कळीच्या उंचीवर, म्हणजे साधारण चार-पाच फुटांवर हवं, आणि तेही पॉलिहाउसच्या सगळ्यात कोंदट कोपऱ्यात. उन्हापासून आडोसा म्हणून चार इंची पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा आडवा टांगा, तोंडं उत्तर-दक्षिण ठेवा, आत यंत्र बसवा. दोन्ही बाजूंनी हवा खेळते आणि ऊन पडत नाही. उघडं टांगलं तर सकाळी आठला खोकं तापून तापमान वाढलेलं आणि आर्द्रता पडलेली दिसते, आणि माळी निर्धास्त होतो. फवारणीच्या दिवशी आणि भुरी या रोगासाठी गंधकाची धुरी देताना ते काढून ठेवायचं. आतला सेन्सर उघडा असतो, त्यावर औषधाचा थर बसला की तो हळूहळू बिघडतो. दर तीन महिन्यांनी पुन्हा डब्याची परीक्षा.

आता या यंत्राची खरी खोट. त्यात कमाल-किमान आठवणीचं बटण आहे, जाहिरातीत त्याचं कौतुकही असतं. पण ते सांगतं की रात्री सर्वात जास्त आकडा 96 होता. तो दहा मिनिटं होता की नऊ तास, हे सांगत नाही. बुरशीला फक्त तासांशी देणंघेणं आहे. शिवाय सेन्सरवरच दव बसलं तर हवा सुकली तरी तो सुकेपर्यंत यंत्र 99 वर अडकून राहतं. रात्री दहा, दोन आणि सहा वाजता कुणी वाचून वहीत लिहिणार असेल तर ठीक. दोन वाजता कोण उठतं?

इथे ब्लूटूथ लॉगर बाजी मारतो. हजार ते दोन हजारांत मिळतो, नाण्यासारख्या सेलवर चालतो, ठरावीक मिनिटांनी नोंद ठेवतो आणि मोबाइलवर आलेख दाखवतो. घेताना दोन गोष्टी बघा. वायफायवर चालणारा घेऊ नका, पॉलिहाउसमध्ये वायफाय नसतो. आणि नोंदी यंत्राच्या स्वतःच्या आठवणीत राहतात का ते विचारा, कारण काही यंत्रं मोबाइल जवळ असेल तेव्हाच नोंदतात. ओली पानं आणि लोखंडी पाइप यांमुळे खोक्यावर लिहिलेला पल्ला आत मिळत नाही, बेडपर्यंत चालत जावंच लागतं. डब्याच्या परीक्षेत सापडलेली चूक दुरुस्त करून 93 च्या वर किती तास गेले, एवढंच रोज मोजा. हा आकडा सहाच्या खाली ठेवणं हे काम.

आणि तरीही अचूकपणात पहिला नंबर जुन्या ओल्या-कोरड्या थर्मामीटरच्या जोडीचाच. शाळेच्या प्रयोगशाळेत असायची तीच. एक थर्मामीटर कोरडा, दुसऱ्याच्या फुग्यावर मलमलीची वात, वातीचं टोक पाण्याच्या बाटलीत. कोरडा 20 अंश असताना दोघांत एक अंशाचा फरक म्हणजे सुमारे 91 टक्के, दोन अंश म्हणजे 83, अर्धा अंश म्हणजे 95-96. जसजशी हवा ओली होते तसतसा डिजिटलचा भरवसा कमी होतो, पण इथे दव पडून सेन्सर बिघडण्याचा प्रश्नच नाही. भानगड अर्ध्या अंशाची आहे. दोन्ही थर्मामीटर एकाच ग्लासातल्या पाण्यात बुडवून सारखे दाखवतात का हे आधी तपासा, नाहीतर मोजायचा तेवढाच फरक काचेतच असतो. वातीवरून वारा वाहता हवा. बारा व्होल्टचा संगणकातला छोटा पंखा पुरतो. पंखा नसेल तर आर्द्रता खऱ्यापेक्षा जास्त दिसते. बाटलीत बोअरचं पाणी घालू नका, क्षार साचून वात कडक होते आणि पाणी वर चढत नाही. डिस्टिल्ड किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घाला, पंधरवड्यानं वात बदला.

यंत्र कोणतंही असो, आकडा बघून काय करायचं हे ठरलेलं नसेल तर पैसे वाया. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा या यंत्राचा खरा हंगाम, आणि व्हॅलेंटाइनचा माल जानेवारीच्या अखेरीपासून निघतो तेव्हा तर सर्वात जास्त. ड्रिपचं पाणी दुपारच्या आत संपवा, फॉगर, म्हणजे धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे, दोननंतर बंद. संध्याकाळी साइड कर्टन (बाजूचे पडदे) पाडताना टॉप व्हेंट (छताजवळची झडप) उघडाच राहू द्या. थंडी आत येईल या भीतीनं सगळं गच्च बंद करणं ही सर्वात महागडी चूक, कारण झाडांनी आणि मातीनं सोडलेली वाफ मग आतच फिरते. सगळ्यात नाजूक वेळ मध्यरात्रीची नसते. उन्हाची पहिली तिरीप आली की पानं वाफ सोडू लागतात, हवा लगेच तापते, पण दाट मिटलेली कळी रात्रीच्या गारव्यातच असते, आणि त्या गार कळीवर पाणी धरतं. म्हणून सूर्य उगवायच्या आधी अर्धा तास कर्टन खालून फूटभर उचला, ओलसर हवा निघून जाऊ द्या, मग हळूहळू पूर्ण उघडा. आतले पंखे असतील तर त्या वेळी चालू हवेत. पानं थरथरतील एवढाच वारा पुरे.

पावसाळ्यात मात्र यंत्राकडून फार आशा धरू नका. लोणावळ्याच्या बाजूला जुलैत बाहेरचीच हवा दिवसभर 95 च्या घरात असते. कर्टन उघडून आर्द्रता उतरत नाही, फक्त हवा हलती राहते, आणि तेवढंच त्या दिवसांत मिळवायचं असतं. तेव्हा भर सफाईवर. वाळलेल्या पाकळ्या, बेंडिंगखाली, म्हणजे मुद्दाम वाकवलेल्या फांद्यांखाली, पिवळी पडलेली पानं, न विकलेली उमललेली फुलं, हे सगळं बीजाणूंचं कोठार. काढून बेडच्या वाटेत टाकलेलं फूल झाडावरच्या इतकंच घातक असतं. झाकणाच्या बादलीत गोळा करा आणि पॉलिहाउसपासून लांब पुरा. सायंकाळची फवारणी टाळा, औषध चांगलं असलं तरी पाणी रात्रभर कळीत राहतं. ही बुरशी काही गुलाबापुरती नाही. द्राक्षाचा घड, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कॅनडा-जर्मनीत कायद्याच्या परवानगीनं अंगणात लावलेला गांजा, जिथे दाट, ओलावा धरणारं फूल किंवा फळ तिथे ती हजर.

यंत्र खरं बोलतंय का हे पडताळायला कळीलाच विचारता येतं. काढणीच्या दिवशी वेगवेगळ्या बेडमधल्या पाच कळ्या ओल्या कागदासकट प्लास्टिकच्या पिशवीत बांधा आणि वीस-बावीस अंशांच्या खोलीत तीन-चार दिवस ठेवा. पांढऱ्या-फिक्या पाकळीवर लालसर ठिपके, लाल पाकळीवर फिकट ठिपके आणि मग तपकिरी डाग आले, की लागण शेतातच झाली होती. लॉगरवर त्या आठवड्यात सहा तासांखालचे आकडे असतील आणि पिशवीत डाग असतील, तर यंत्र चुकीच्या जागी टांगलंय.

कोल्ड स्टोरेजमध्ये यातलं एचटीसी-१ नेऊ नका असं नाही, पण दोन-चार अंशांना त्याची आर्द्रता फार मनावर घेऊ नका, तापमान तेवढं वाचा. तिथे कळी ओली होते ती दार उघडं राहिल्यानं किंवा गार माल प्रतवारीच्या गरम हॉलमध्ये तासभर ठेवल्यानं. हे कुठलंच यंत्र आपणहून सांगत नाही.

दहा गुंठ्यांच्या पॉलिहाउसला शिफारस अशी: परीक्षेत उतरलेली एचटीसी-१ दोन, एक मधे आणि एक कोंदट कोपऱ्यात, आणि त्यांना धाकात ठेवायला पंख्यासह एक ओली-कोरडी जोडी. सगळं मिळून ब्लूटूथ लॉगरच्या आसपासच जातं. एकच काहीतरी घ्यायचं असेल आणि रात्री कुणी उठणार नसेल, तर लॉगर घ्या. माल निर्यातीला जात असेल तर लॉगर आणि जोडी दोन्ही. आणि नुसता एचटीसी-१ दाराला टांगून ठेवायचा असेल, तर ते चारशे रुपये झाकणाच्या बादलीवर खर्च केलेले बरे.