गिअरबॉक्स उघडायच्या आधी लॅपटॉप उघडणारं भोसरीतलं गॅरेज

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

गाडी ऑक्टाव्हिया आरएस, 2017 ची, सेकंडहँड. कंपनीतून येताना ताकद 230 पीएस आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 350 न्यूटन मीटर. मी स्टेज वन रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) करून घेतला, टॉर्क चारशेच्या वर गेला. गिअरबॉक्स सहा गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक; क्लच तेलात बुडालेले, म्हणजे ओले. मॉडेल डीक्यू 250. तो बनवलाय साधारण 350 न्यूटन मीटरसाठी. पुढचं सगळं रामायण या दोन आकड्यांमधल्या फरकाचं आहे.

तक्रारी दोन होत्या. पुण्यात नवले पुलाच्या गर्दीत रांगत जाताना दुसऱ्यावरून पहिल्यावर उतरताना खालून दणका बसायचा. आणि एक्स्प्रेसवेला पाय पूर्ण दाबला की तिसऱ्यावरून चौथा पडताना आरपीएम वर पळायचा, गाडी मात्र ढिम्म. शहरातल्या एका चकचकीत ठिकाणी स्कॅनर लावला, एकही फॉल्ट कोड आला नाही. तरी निकाल लागला: "मॅडम, मेकॅट्रॉनिक गेलंय, पावणेदोन लाख होतील. सरांना विचारून सांगा." (मेकॅट्रॉनिक म्हणजे गिअरबॉक्समधला कॉम्प्युटर आणि तेलाच्या व्हॉल्व्हचा संच.) कुठले सर? गाडी माझी, रीमॅपही माझाच.

भोसरीच्या या गॅरेजात मालक काकांनी (सगळे त्यांना काकाच म्हणतात) बॉनेटला हातही लावला नाही. "ताई, गरम झाल्यावर वाढतं का? मॅप फक्त इंजिनचा केलाय की गिअरबॉक्सचाही?" फक्त इंजिनचा, म्हटल्यावर ते नुसतं "हं" म्हणाले. मग सकाळी लवकर, चाकणचा ट्रॅफिक सुरू व्हायच्या आत, त्यांचा पोरगा लॅपटॉप मांडीवर घेऊन शेजारी बसला आणि मोशीच्या पुढे मी गाडी चालवली.

परत आल्यावर काकांनी आलेख दाखवला. या गिअरबॉक्सला क्लच दोन. एकावर पहिला, तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स, दुसऱ्यावर दुसरा, चौथा, सहावा. गिअर पडून क्लच पूर्ण बसला की इंजिनच्या वेगाची रेघ आणि त्या क्लचच्या शाफ्टच्या वेगाची रेघ एकमेकींवर यायला हवी. माझ्या गाडीत पूर्ण थ्रॉटलला तिसऱ्यातही फट होती आणि चौथ्यातही. "एकच घसरला असता तर तो झिजला म्हटलं असतं. दोन्ही सारखेच घसरतायत, म्हणजे दाब कमी पडतोय." इंजिन जेवढा टॉर्क सांगतं त्या हिशेबाने गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर क्लच दाबून धरतो, आणि त्याची स्वतःची एक मर्यादाही असते. माझ्या ट्यूनरने इंजिनाची ताकद वाढवली, गिअरबॉक्सला कोणी काही कळवलंच नाही. घरात पाहुणे वाढवायचे आणि स्वयंपाकघरात निरोप द्यायचा नाही, तसलं काम.

गर्दीतल्या दणक्याचं कारण वेगळं निघालं. इंजिन धरून ठेवणाऱ्या खालच्या माउंटचं रबर फाटलं होतं. शिवाय डीएसजीचं तेल 60,000 किलोमीटरला बदलायचं असतं, ते आधीच्या मालकाने बदलल्याची कुठे नोंद नव्हती. जुनं तेल काळं होतं, जळका वास मारत होतं. फिल्टर कापून त्याच्या घड्या काकांनी पांढऱ्या फडक्यावर पसरल्या, टॉर्च मारला. क्लचची बारीक काळी पूड होती, धातूची चमक नव्हती, म्हणजे आतले धातूचे भाग झिजत नव्हते. गिअरबॉक्स न उघडण्याचा निर्णय तिथेच झाला.

तेल भरणं मी उभं राहून पाहिलं आणि माझा विश्वास तिथे बसला. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. तेल खालच्याच भोकातून वर चढवतात, मग इंजिन चालू ठेवून तेलाचं तापमान 35 ते 45 अंशांत असताना जादाचं तेल खाली गळू देतात. धार तुटून थेंब पडायला लागले की बोल्ट बंद. मे महिन्यात भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तेल सुरुवातीलाच पस्तिशीच्या आसपास, मग पातळी बघायला वेळ मिळणार किती? म्हणून मला सकाळी आठला बोलावलेलं. पोरगा आकडे ओरडत होता, काका पान्यावर हात ठेवून खाली आडवे.

त्यानंतर बेसिक सेटिंग (गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला क्लच नव्याने शिकवणं), नवीन माउंट, आणि गिअरबॉक्सचा मॅप त्यांच्या ओळखीच्या ट्यूनरकडून. त्याने खालच्या आरपीएमचा टॉर्कही थोडा कापला. मला आधी राग आला, पण रोजच्या चालवण्यात फरक जाणवत नाही. पुन्हा लॉग, म्हणजे चालत्या गाडीतल्या आकड्यांची नोंद, घेतला तेव्हा रेघा एकमेकींवर होत्या. सगळं मिळून त्या पावणेदोन लाखांच्या निम्म्याहूनही कमी.

आता कापलेला स्टार. फोन उचलत नाहीत, परत करायची तर बातच नको. अंदाजपत्रक तोंडी. ट्यूनरच्या वेळेसाठी गाडी आठवडाभर तिथेच पडून राहिली आणि हे मला मीच विचारल्यावर कळलं. बसायला एक प्लास्टिकची खुर्ची, तीही बहुतेक वेळा कोणीतरी पळवलेली. एमआयडीसीच्या सुट्टीप्रमाणे गुरुवारी बंद, हे कोथरूडहून तिथवर पोचल्यावर कळू नये म्हणून सांगते.

गाडी मॉडिफाय केलेली असेल तर ट्यूनरकडून मूळ फाइल आणि बदललेली फाइल दोन्ही पेन ड्राइव्हवर घेऊन जा. फाइली नसतील तर काका गाडी आत घेत नाहीत, गेटवरूनच परत पाठवतात.